विमानाच्या ठिगळाला लागतो तेवढा वेळ लागू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पानावर एका प्रवाशाचं पत्र आलं होतं. विमान लेट झालं, मग दुसरं विमान दिलं, चौकशी केली तर सांगितलं की पहिल्या विमानाच्या बॉडीला पॅच मारायचा आहे, आणि शेवटी त्यांनी विचारलं होतं की गोंदाने ठिगळं चिकटवलेल्या विमानात माणसांना बसवतातच कसे. राग अगदी समजण्यासारखा आहे, पोरंबाळं घेऊन रात्रभर बाकावर बसायचं म्हणजे कोणाचंही डोकं फिरेल. पण मी गेली २१ वर्षं हेच ठिगळं लावायचं काम करतोय, कार्बन फायबरच्या म्हणजे आमच्या भाषेत कॉम्पोझिटच्या पार्टची दुरुस्ती, त्यामुळे ते पत्र वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितोय. जरा लांब होईल, पण आतली गोष्ट नीट सांगितली नाही तर लोकांची भीती जात नाही आणि आमच्या कामाला जो वेळ लागतो तोही कोणाला पटत नाही.

आधी त्या चंदेरी चिकटपट्टीचं सांगून टाकतो, कारण त्या पत्राबरोबर तसाच फोटो होता. ती स्पीड टेप, अॅल्युमिनियमची पट्टी. एखाद्या फटीवर वारा शिरू नये म्हणून, किंवा रंग उडालेल्या जागेवर ऊन-पाणी बसू नये म्हणून तात्पुरती लावतात. बोइंग ७८७ च्या पंखांवरचा रंग उन्हाने सुटायचा तेव्हा तिथेही अशा पट्ट्या लावलेल्या अनेकांनी खिडकीतून पाहिल्या असतील. ती पट्टी भार घेत नाही आणि तिने घ्यावा अशी अपेक्षाही नसते. मी ज्या ठिगळाबद्दल बोलतोय ते वेगळंच प्रकरण आहे, ते लावून झालं, रंग दिला की तुम्हाला शोधूनही सापडत नाही, आणि ते मात्र भार घेतं, विमानाच्या अंगाचाच भाग होऊन घेतं.

आता हे नवीन विमानं कशाची असतात ते बघा. ७८७ च्या ढाच्याच्या वजनातलं जवळजवळ ५० टक्के कॉम्पोझिट, एअरबस ए३५० मध्ये ५३ टक्के. म्हणजे पंख, शेपूट, तुम्ही बसता तो अख्खा नळा हे सगळं कार्बनच्या धाग्यांचे थर एकावर एक ठेवून, मध्ये रेझिन म्हणजे तापवल्यावर कडक होणारा राळेसारखा चिकट पदार्थ घालून, दाब आणि उष्णता देऊन भाजलेलं. एकेक थर साधारण ०.२ मिलिमीटरचा, आणि प्रत्येक थरातले धागे वेगळ्या दिशेने, एक सरळ, एक ४५ अंशात, एक उलट ४५ मध्ये, एक आडवा. ताकद धाग्यांच्या दिशेनेच असते. हलकं असतं, गंजत नाही, धातूसारखं थकत नाही, सगळं खरं. पण त्याची एक खोड आहे आणि आमचं सगळं काम त्या खोडीमुळेच आहे.

पत्र्याच्या विमानाला ठोकर बसली की पोचा पडतो, चरा पडतो, लांबून दिसतं. कार्बन तसं नाही. त्याच्यावर पाना पडला, सामानाची ट्रॉली आदळली, गार बसली, तर वरचा भाग पुष्कळदा परत जागेवर येतो, रंगावर एखादा बारीक डाग राहतो, आणि आत मात्र थर एकमेकांपासून सुटलेले असतात, तेही वरून खाली पसरत गेलेले. म्हणजे वरून मोहरीएवढं आणि आतून तळहाताएवढं. आम्ही नाण्याने किंवा छोट्या हातोडीने ठोकून बघतो, धड असेल तिथे टण टण स्वच्छ आवाज येतो आणि थर सुटला असेल तिथे एकदम बसका, मेलेला आवाज. कान तयार व्हायला वर्ष-दोन वर्षं जातात. आणि हे ठोकणं पातळ भागाला चालतं, जाड भागाला नाही, तिथे अल्ट्रासाउंड लावावाच लागतो. पोटाची सोनोग्राफी करतात तसंच, जेली लावून प्रोब फिरवायचा आणि आवाजाची लाट कुठून परत येते ते बघायचं. कडेने मार्करने खुणा करत गेलं की हळूहळू सुटलेल्या भागाचा नकाशा तयार होतो. प्रत्येक वेळी तो नकाशा वरच्या डागापेक्षा मोठा निघतो, एकवीस वर्षांत मला उलटं झालेलं आठवत नाही.

मग लोक विचारतात की चिकटवता कशाला, बोल्ट मारून वरून प्लेट का नाही बसवत. बसवतात की. जाड भाग असेल, वेळ कमी असेल तर टायटॅनियमचे बोल्ट मारून प्लेट बसवतात आणि ती पद्धत अगदी मान्य आहे, अॅल्युमिनियमची प्लेट मात्र थेट कार्बनला टेकवत नाहीत कारण कार्बन शेजारी आला की अॅल्युमिनियम गंजतं. पण विचार करा, प्रत्येक बोल्टला भोक लागतं आणि प्रत्येक भोक म्हणजे भार वाहणारे धागे तोडणं, म्हणजे जखम बुजवायला आणखी वीस जखमा. एक-दोन मिलिमीटरच्या पातळ कातड्यात बोल्ट धरणार तरी कशाला. आणि जिथे दोन पातळ कातड्यांच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारखा पोकळ गाभा असतो, रडर म्हणजे शेपटीवरची हलती फळी, फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी, इंजिनचं आवरण असले भाग, तिथे तर बोल्ट घट्ट केला की गाभाच चिरडतो. तिथे चिकटवणं हाच खरा उपाय. भार एका भोकावर न येता सगळ्या जागेवर पसरतो, आणि वर उंचवटा राहत नाही त्यामुळे हवाही नीट वाहते.

ही काही कालची टूम नाही. सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या एरोनॉटिकल रिसर्च लॅबोरेटरीजमध्ये अॅलन बेकर आणि त्यांच्या लोकांनी लष्करी विमानांच्या तडकलेल्या अॅल्युमिनियमवर बोरॉन धाग्यांची ठिगळं चिकटवायला सुरुवात केली. जे भाग बदलायचे तर अख्खा पंख उतरवावा लागला असता ते जागेवर वाचले. बोरॉन का, तर कार्बनसारखा तो अॅल्युमिनियमला गंजवत नाही, आणि ठिगळावरून यंत्र फिरवून खालची चीर वाढतेय का हे बघता येतं. आम्ही शिकलो ते त्या अनुभवातूनच आलेलं आहे, चांगलंही आणि चुकलेलंही.

आता काम कसं होतं ते सांगतो, कारण वेळ कुठे जातो ते इथेच कळतं.

समजा ३ मिलिमीटर जाडीच्या कातड्यात ५ सेंटिमीटर गोल भाग खराब झालाय. तो कापून काढला आणि तेवढाच तुकडा बसवला तर तो नुसत्या कडांवर चिकटणार, म्हणजे चिकटलाच नाही म्हणा. म्हणून त्या भोकाच्या चारी बाजूंनी उतार करायचा, उथळ बशीसारखा. उतार किती तर उदाहरणार्थ तिसास एक, म्हणजे १ मिलिमीटर खोल जायला ३० मिलिमीटर आडवं. ३ मिलिमीटर जाडीला प्रत्येक बाजूला ९० मिलिमीटर झाले, दोन्ही बाजू आणि मधलं भोक धरून २३ सेंटिमीटर. पाच सेंटिमीटरच्या जखमेसाठी तेवीस सेंटिमीटरची बशी, क्षेत्रफळ काढलं तर एकवीस पट. आणि ही बशी हाताने घासायची, छोट्या सँडरने, पंधराच्या पंधरा थर एकामागून एक, प्रत्येकाची सहा मिलिमीटरची कड उघडी पडली पाहिजे. नीट घासलं की झाडाच्या खोडाची वलयं दिसतात ना तशी वलयं दिसतात, प्रत्येक थराची चमक वेगळी कारण धाग्यांची दिशा वेगळी. हात जरासा जड पडला की खालचा धड थर कापला जातो आणि मग बशी आणखी मोठी करावी लागते. मी पहिल्या वर्षी दोनदा केलंय ते. हल्ली काही ठिकाणी यंत्राने किंवा लेझरने घासतात पण बऱ्याच हँगरमध्ये, म्हणजे विमान दुरुस्तीच्या शेडमध्ये, अजून हातच.

मग वाळवायचं. हे लोकांना अजिबात पटत नाही. अहो, हे रेझिन हवेतलं पाणी पितं, वर्षानुवर्षांत वजनाच्या एखाद टक्क्यापर्यंत ओल आत जाते, पोकळ गाभ्यात तर पाणी साचलेलं सापडतं. ते तसंच ठेवून वर गरम केलं की वाफ होते, वाफेने गोंदात बुडबुडे पडतात, आणि गाभ्यात पाणी असेल तर वरचं कातडं फाटकन उडतं. म्हणून हलक्या आचेवर तासन्‌तास, कधी अख्खा दिवस, कधी दोन दिवस वाळवत ठेवावं लागतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की विमान उभं आहे, दोन माणसं खुर्चीत बसलीत, काम काहीच चाललेलं नाही. तेव्हाच तर काम चाललेलं असतं.

आणि मग स्वच्छता. माझ्या मते अख्ख्या दुरुस्तीतला सगळ्यात मोठा भाग हाच. चिकटणाऱ्या पृष्ठभागावर बोटाचा ठसा, हायड्रॉलिक तेलाचा वास सुद्धा, शेजारच्या खोलीत कोणीतरी मारलेला सिलिकॉनचा स्प्रे, यातलं काहीही पुरतं. हातमोजे घालायचे, पण कुठले ते बघून, कारण काही मोज्यांवरच पावडर किंवा सिलिकॉन असतं. सॉल्व्हंटने, म्हणजे मळ विरघळवणाऱ्या द्रवाने, पुसताना एका फडक्याने ओलं करायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं, एकाच दिशेने, नाहीतर मळ विरघळून तिथेच परत बसतो. मग थोडं शुद्ध पाणी सोडून बघायचं. पाण्याची अखंड साय पसरली तर स्वच्छ, आणि कुठेही पाणी आकसून थेंब झाला तर परत पहिल्यापासून. मला हा क्षण अजूनही आवडतो, काळ्याभोर कार्बनवर पाणी आरशासारखं स्थिर उभं राहतं आणि त्यात वरचे दिवे दिसतात. मग ते पाणीही परत वाळवायचं, हे ओघानं आलंच.

पुढे थर लावायचे. ते कापड रेझिन मुरवलेलं येतं, उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये ठेवतात, बाहेर काढलं की त्याच्या आयुष्याचं घड्याळ सुरू होतं आणि ते मिनिटं लिहून ठेवावी लागतात. पाकीट लगेच फोडायचं नाही, पूर्ण गरम होऊन बाहेरचं दव जाईपर्यंत थांबायचं, नाहीतर तेच दव आत जाणार. आधी गोंदाची फिल्म, मग जो थर जिथे काढला तिथे त्याच दिशेचा नवा थर, वरून एखादा जास्तीचा, विजेसाठी तांब्याची जाळी असेल तर तीही जोडून घ्यायची कारण वीज पडली तर ती वाट तुटलेली चालत नाही. वर सुटी फिल्म, शोषणारं कापड, हीट ब्लँकेट, आणि सगळ्यावर प्लॅस्टिकची पिशवी कडेने डिंकाच्या पट्टीने सीलबंद करून आतली हवा काढून घ्यायची. हवा गेली की बाहेरचं वातावरणच दाबतं, त्या २३ सेंटिमीटरच्या ठिगळावर साडेतीनशे-चारशे किलोचा भार. ऐकायला खूप वाटतं पण कारखान्यात मूळ पार्ट भाजतात त्या भट्टीत याच्या सहा-सात पट दाब असतो. म्हणजे आमच्याकडे चुकीला जागा त्यांच्यापेक्षा कमी. मग गरम करायचं, मिनिटाला एक ते तीन अंश असं हळूहळू, गोंद असेल त्याप्रमाणे १२० नाहीतर १७७ अंशापर्यंत न्यायचं, दोन-तीन तास धरायचं, आणि तितक्याच सावकाश उतरवायचं.

इथे माझ्या आयुष्यातली एक गोष्ट सांगतो. कामाला लागून तिसरं वर्ष होतं, कुठल्या हँगरमध्ये ते सांगत नाही. ठिगळाच्या बरोबर मागे आत एक धातूची रिब म्हणजे फासळी होती, आडवी. धातू उष्णता ओढून घेतो हे पुस्तकात वाचलेलं, पण तिथे थर्मोकपल म्हणजे तापमान मोजायची तार लावायला हात पोचत नव्हता, घाई होती, म्हणून मी आजूबाजूला सहा लावले आणि रिबवर लावलाच नाही. मशीनचा ग्राफ अगदी रेखीव आला, जसा पाहिजे तसाच. सकाळी पिशवी उघडली, आमचे वरिष्ठ होते, मी त्यांना काका म्हणायचो, त्यांनी काही न बोलता रिबच्या बाजूला कडेने बाहेर आलेल्या गोंदाच्या धारेवर अंगठ्याचं नख दाबलं. नख रुतलं. बाकी सगळीकडे काचेसारखा कडक गोंद आणि त्या चार बोटं रुंद पट्ट्यात चिवट, खरवसासारखा. ठोकून बघितलं तर आवाज स्वच्छ. अल्ट्रासाउंड केला तर त्यातही सुटलेलं काही दिसेना, कारण सुटलेलं नव्हतंच, चिकटलेलं होतं, फक्त कच्चं होतं. मॅनेजर म्हणाले ग्राफ बरोबर आहे ना, तपासणीत पास आहे ना, मग सोडा. काका म्हणाले मी सही करणार नाही. सगळं घासून काढलं, बशी आणखी मोठी झाली, तीन दिवस जास्त गेले, त्या मॅनेजरने महिनाभर काकांशी धड बोलणं केलं नाही. या वेळी रिबवर थर्मोकपल गेला, आतून एका माणसाला झोपवून त्याच्या हाताने, आणि मागून इन्सुलेशन लावलं. त्या दिवसापासून मला ग्राफवर आंधळा विश्वास ठेवता आलेला नाही.

संपादक साहेब, मला जे सांगायचंय ते या नखाच्या खुणेतच आहे. ठिगळ चिकटलंय की सुटलंय हे यंत्राला कळतं. किती घट्ट चिकटलंय हे आमच्याकडे रोज वापरतात त्या कुठल्याही तपासणीने, ठिगळ न मोडता, सांगता येत नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांना नुसते टेकलेले असतील आणि पकड शून्य असेल तरी अल्ट्रासाउंडची लाट आरामात पार जाते. म्हणजे काम संपल्यावर चांगलं ठिगळ आणि वाईट ठिगळ सारखंच दिसतं, सारखंच वाजतं. फरक पडतो तो फक्त ते लावताना काय केलं याने.

याची किंमत मोजलेली आहे. २८ एप्रिल १९८८ ला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं पुढचं छप्पर २४,००० फुटांवर उडून गेलं, एक हवाई सेविका बाहेर ओढली गेली आणि वारली. विमान ८९,६८० उड्डाणं झालेलं. ते अॅल्युमिनियमचं होतं, कॉम्पोझिटचं नाही, पण बघा कारण काय, पत्र्यांचे जोड थंड अवस्थेत गोंदाने चिकटवलेले होते, त्या गोंदात ओल शिरली, पकड गेली, गंज धरला, सगळा भार रिवेटवर आला आणि रिवेटच्या भोकांपासून चिरा निघून एकमेकींना मिळाल्या. थंड चिकटवायची ती पद्धत १९७२ मध्येच बंद केली होती, पण आधी बनलेली विमानं उडत होती. दुसरं उदाहरण ६ मार्च २००५ चं, क्युबातल्या वाराडेरोहून निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या ए३१० चा रडर हवेत जवळजवळ अख्खा निखळला. वैमानिकांनी परत आणून सुखरूप उतरवलं, सगळे वाचले. तो रडर कॉम्पोझिटचा, मध्ये पोळ्यासारखा गाभा, आणि तपासात असं आलं की कातडं गाभ्यापासून सुटणं किंवा गाभाच आत तडकणं यापासून सुरुवात झाली असावी. बाहेरून कोणाला काही दिसलेलं नव्हतं.

मग प्रवाशाने काय समजायचं, घाबरायचं का. नाही, आणि का नाही तेही सांगतो, कारण नियम करणाऱ्यांनी आमच्यासारख्यांच्या हातावर आंधळा भरवसा ठेवलेलाच नाही. नियमाने तीन वाटा दिल्यात. एक, प्रत्येक चिकटवलेल्या पार्टवर प्रत्यक्ष भार टाकून बघा. हँगरमध्ये उभ्या विमानाच्या पंखावर तेवढा भार कसा टाकणार. दोन, अशी तपासणी आणा जी पकडीची ताकद सांगेल. तशी सर्वमान्य तपासणी अजून नाही. राहिली तिसरी, की जोड पूर्ण सुटला असं धरूनच हिशोब करा, आणि तरीही विमानाने तग धरला पाहिजे. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, २००९ मध्ये कॉम्पोझिट ढाच्यांबद्दलची जी मोठी सूचना काढली आणि पुढे २०१४ मध्ये चिकटवलेल्या दुरुस्तीच्या आकाराच्या मर्यादेबद्दल जे धोरण काढलं, त्याचा गाभा हाच आहे. साध्या भाषेत, महत्त्वाच्या भागावरचं आमचं ठिगळ उद्या अख्खंच्या अख्खं निघून गेलं तरी उरलेल्या भागाने लिमिट लोड, म्हणजे त्या विमानाच्या आयुष्यात येऊ शकेल असा सगळ्यात मोठा भार, पेलला पाहिजे. ज्या जखमेला हे लागू होत नाही इतकी ती मोठी असेल, तर तिथे नुसतं चिकटवून भागवायचंच नाही, बोल्ट लावा, पार्ट बदला, कंपनीच्या इंजिनिअरांना विचारा. आभाळ फाटल्यावर ठिगळ लावत बसायचं नाही असं नियमच सांगतो. त्यामुळे त्या पत्रलेखकाला माझं कळकळीने सांगणं आहे की ठिगळ लावलेल्या विमानात बिनधास्त बसा, मी माझ्या लेकीला बसवतो.

मात्र हा नियम म्हणजे शेवटची जाळी आहे. ती आहे म्हणून वरच्या दोरीवर ढिलाई करून चालत नाही, आणि ढिलाई कुठून येते तर वेळेतून. दर तासाला फोन येतो, किती वाजता सोडताय. वाळवणं चोवीस तासांचं बारा तासांत होईल का. फडक्याने एकदा पुसलं तर चालेल ना. विचारणाऱ्याचा वाईट हेतू नसतो, त्याच्यावर वरून दबाव, वरच्यावर आणखी वरून, आणि सगळ्यात शेवटी तुमच्या पेपरात पत्र येतं की सात तास लेट. मी ते पत्र वाचून आमच्याकडचा फोन आठवला म्हणूनच हे लिहायला बसलो. माझी विनंती विमान कंपन्यांच्या वरिष्ठांना आहे, की चिकटवायच्या कामाला मॅन्युअलमध्ये लिहिलेला वेळ हा कमीत कमी वेळ समजा, त्यात घासाघीस करू नका. ज्याचं हे काम रोज करण्यातलं आहे त्यालाच द्या, जो बोल्टचं काम उत्तम करतो तो चिकटवायचं करेलच असं नसतं, दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि सहा महिने हात लागला नाही तर ज्याला हे येतं त्याच्याही हाताची सवय मोडते. प्रत्येक कामाबरोबर त्याच कापडाचा, त्याच गोंदाचा, त्याच पिशवीखाली एक छोटा नमुना भाजा आणि तो मोडून बघा. आणि जो सही करायला नकार देतो त्याच्याशी महिनाभर अबोला धरू नका.

दुसरी विनंती जमिनीवर विमानाभोवती काम करणाऱ्यांच्या साहेबांना, आणि मला वाटतं ही जास्त महत्त्वाची. सामानाच्या गाड्या, शिड्या, खाण्याचे ट्रक यांच्या पुढे रबराचे बंपर असतात. पत्र्याला रबर चांगलं, पण कार्बनला रबराचा रुंद धक्का बसला की बाहेर ओरखडाही उठत नाही आणि आतल्या बाजूला आडव्या फासळ्या तडकलेल्या, बरंच काही सुटलेलं असू शकतं. एफएएच्या त्याच २००९ च्या सूचनेत नुकसानाचे पाच प्रकार केलेत, आणि पाचवा प्रकार हाच, की गाडी जोरात आदळली वगैरे, ज्याचा डिझाइनमध्ये हिशोबच धरलेला नाही. तो सापडायचा एकच भरवशाचा मार्ग आहे, ज्याच्या हातून धक्का लागला त्याने येऊन सांगणं.

मागच्या पावसाळ्याआधीची गोष्ट. रात्रपाळीला एक लोडर पोरगा आला, तेवीस-चोवीस वर्षांचा असेल, म्हणाला दादा माझ्या बेल्ट लोडरचा (सामान चढवायची पट्ट्याची गाडी) दाराच्या बाजूला जरा धक्का लागलाय, दिसत तर काही नाही, पण मला चैन पडेना. मी बॅटरी घेऊन गेलो. खरंच काही नव्हतं, रंगावर काळी पुसट रेघ, ती पण फडक्याने गेली. प्रोब फिरवला, आणि मार्करने खुणा करत करत शेवटी जो आकार उमटला तो माझ्या पसरलेल्या पंजापेक्षा मोठा होता. विमान थांबवलं, बशी घासली, वाळवलं, ठिगळ भाजलं, पाचव्या दिवशी ते उडालं. त्या पाच दिवसांत त्या पोराला त्याच्या सुपरवायझरने लेखी खुलासा द्यायला लावला आणि दोन दिवसांचा पगार कापला. तो मला भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, दादा पुढच्या वेळी सांगू का नको ते सांगा. मी त्याला सांग म्हटलं. पण त्याचा पगार मी देत नाही, म्हणून हे पत्र आपल्याकडे पाठवतोय, आपल्या पेपरातून ते त्याच्या साहेबांपर्यंत आणि तसल्या सगळ्या साहेबांपर्यंत जावं.

आपला,
विमान दुरुस्ती खात्यातला एक वाचक